घटक ४ : छायाचित्र – स्थानिक इतिहासाचे साधन (घारापुरी बेटाच्या आधारे)

४.० उद्दिष्टे

विद्यार्थी मित्रहो, या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस –
• जुने छायाचित्र हे इतिहासलेखनाचे साधन कसे ठरते, हे सांगता येईल.
• छायाचित्रातील दृश्य आणि त्यावरून काढलेला निष्कर्ष यांत फरक करता येईल.
• छायाचित्राचा काळ ठरवण्याच्या काही खुणा ओळखता येतील.
• आपल्या गावातील अथवा घरातील एखाद्या जुन्या छायाचित्रावर टिपण लिहिता येईल.

४.१ प्रास्ताविक

मागील घटकात आपण लिखित साधनांचा विचार केला. पत्रे, दप्तरे, ताम्रपट, शिलालेख यांच्या आधारे गावाचा इतिहास कसा लिहावा, हे आपण पाहिले. प्रस्तुत घटकात आपण एका वेगळ्या साधनाकडे वळणार आहोत. ते साधन म्हणजे जुने छायाचित्र.

उदाहरणासाठी येथे मुंबईच्या बंदरातील घारापुरी हे बेट निवडले आहे. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतील विद्यार्थ्याने, ज्याच्या तालुक्याला समुद्र नाही, त्याने बेटाचा अभ्यास का करावा, असा प्रश्न आपल्या मनात येणे साहजिक आहे. त्याचे उत्तर असे की, सहलीचे ठिकाण म्हणून घारापुरी दीर्घकाळ प्रसिद्ध असल्याने त्याची चित्रे, वर्णने आणि छायाचित्रे विपुल आहेत. साधने विपुल असली म्हणजे ती कुठे पुरेशी आहेत आणि कुठे अपुरी पडतात, हे स्पष्टपणे दिसते. ही दृष्टी घारापुरीवर तयार झाली की ती अमळनेरच्या, शिरपूरच्या किंवा साक्रीच्या एखाद्या छायाचित्रालाही लावता येते. घटकाच्या शेवटी आपण खानदेशात परत येणारच आहोत.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ घारापुरी : अल्प परिचय

घारापुरी हे बेट मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियापासून सुमारे १० किलोमीटर अंतरावर आहे. ते मुंबईहून दिसत असले तरी प्रशासकीयदृष्ट्या रायगड जिल्ह्यातील उरण तालुक्यात मोडते. बेटावर राजबंदर, मोराबंदर आणि शेतबंदर अशा तीन वस्त्या आहेत. पश्चिमेकडील टेकडीवर शैव लेणी असून पूर्वेकडील टेकडीवर बौद्ध स्तूपाचे अवशेष आहेत. मुख्य लेण्यातील सुमारे ६ मीटर उंचीची सदाशिवाची त्रिमुख मूर्ती जगप्रसिद्ध आहे. अभ्यासक ही लेणी सामान्यतः सहाव्या शतकाच्या मध्यातील मानतात आणि त्यांचा संबंध कलचुरी राजघराण्याशी जोडतात. १९८७ मध्ये युनेस्कोने या लेण्यांचा समावेश जागतिक वारसास्थळांच्या यादीत केला.

१५३४ मध्ये हे बेट पोर्तुगीजांच्या ताब्यात गेले. धक्क्याजवळ असलेल्या दगडी हत्तीवरून त्यांनी बेटाला ‘एलिफंटा’ हे नाव दिले. पुढे बेटावर मराठ्यांचा अंमल आला आणि १७७४ मध्ये ते इंग्रजांनी घेतले. लेण्यातील एक शिलालेख पोर्तुगीजांनी काढून पोर्तुगालच्या राजाकडे पाठवला, असे दिओगो दो कोउतो या पोर्तुगीज इतिहासकाराने नोंदवले आहे. तो लेख पुन्हा कोणास सापडला नाही. लेणी कोणी खोदली हे थेट सांगू शकणारे लिखित साधन अशा रीतीने हरवले. साधन आपल्या मूळ जागेवरून हलले की त्याचे काय होते, याचे हे पहिले उदाहरण आपण लक्षात ठेवावे.

एकोणिसाव्या शतकात मुंबईतील युरोपीय आणि सुखवस्तू एतद्देशीय लोकांचे हे आवडते सहलीचे ठिकाण बनले. १८७५ मध्ये इंग्लंडचा युवराज, पुढे सातवा एडवर्ड म्हणून गादीवर आलेला प्रिन्स ऑफ वेल्स, मुंबईस आला असता त्याला लेण्यातच मेजवानी देण्यात आली.

४.२.२ छायाचित्रकलेचे आगमन

१८३९ मध्ये फ्रान्समध्ये दागेर याची छायाचित्रणाची पद्धती जाहीर झाली आणि त्यानंतर अल्पावधीतच ही कला हिंदुस्थानात पोहोचली. १८५४ मध्ये मुंबईत छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्याशी संबंधित होते. म्हणजे ही कला केवळ युरोपीयांच्या हाती राहिली नाही. १८७१ मध्ये जेम्स बर्जेस यांचा घारापुरीच्या लेण्यांवरील ग्रंथ छायाचित्रांसह प्रसिद्ध झाला.

त्या काळी काचेच्या पट्टीवर रसायनाचा लेप देऊन ती ओली असतानाच चित्र घ्यावे लागे. प्रकाश अल्प असेल तर भिंग बराच वेळ उघडे ठेवावे लागे. एवढ्या वेळात जो हलला तो धूसर उमटे, आणि जो चालत निघून गेला तो उमटतच नसे. जुन्या छायाचित्रांत वास्तू ठळक आणि माणसे विरळ का असतात, याचे एक कारण या तांत्रिक मर्यादेत आहे. म्हणून ‘चित्रात माणसे नाहीत, अर्थात स्थळ निर्मनुष्य होते’ असा निष्कर्ष काढणे सदोष ठरते.

४.२.३ छायाचित्र काय सांगते?

वर्णनापेक्षा छायाचित्र अधिक नेमके असते. मुख्य लेण्याच्या एकोणिसाव्या शतकातील छायाचित्रांत काही खांब तुटलेले दिसतात. काही ठिकाणी वरचा भाग छताला लोंबकळत आहे, तर काही ठिकाणी केवळ बुंधा उरला आहे. आज आपण लेण्यात गेलो तर खांबांच्या रांगा बऱ्याच अंशी पूर्ण दिसतात, कारण पुढील काळात जीर्णोद्धार करताना अनेक खांब नव्याने बांधण्यात आले. डोळ्यांना आज जे अखंड दिसते, त्यातील मूळ किती आणि नवे किती, हे जुने छायाचित्र शेजारी ठेवल्याखेरीज सामान्य प्रेक्षकास कळणार नाही. छायाचित्राचे हे पहिले सामर्थ्य होय. ते बदलापूर्वीची स्थिती राखून ठेवते.

४.२.४ छायाचित्र काय सांगत नाही?

(अ) कारण सांगत नाही. खांब तुटलेले आहेत हे छायाचित्र दाखवते. ते कोणी तोडले, हे दाखवत नाही. पोर्तुगीज शिपायांनी लेण्यात गोळीबार केला, अशी कथा परंपरेने सांगितली जाते. ती तपासण्यासाठी लिखित साधने पाहावी लागतात. दगडात मुरणारे पाणी आणि काळ यांचाही विचार करावा लागतो. पुढील दोन वाक्ये पाहा.

वाक्य १ : ‘पोर्तुगीजांनी फोडलेले खांब या छायाचित्रात दिसतात.’
वाक्य २ : ‘या छायाचित्रात काही खांब तुटलेले दिसतात, ते केव्हा आणि कशामुळे तुटले, हे छायाचित्रावरून कळत नाही.’

पहिल्या वाक्यात ऐकीव माहिती आणि दृश्य यांची सरमिसळ झाली आहे. दुसरे वाक्य कमी आकर्षक आहे, परंतु त्यावर पुढील अभ्यासक विसंबून राहू शकतो. इतिहासलेखनात दुसऱ्या प्रकारचे वाक्य लिहिण्याची सवय आपण लावून घ्यावी.

(आ) वस्तूचे मूळ स्थान सांगेलच असे नाही. ज्या दगडी हत्तीवरून बेटाला नाव मिळाले, त्याचे डोके आणि मान १८१४ मध्ये कोसळली. त्या वेळी छायाचित्रकला जन्मालाच आलेली नव्हती. त्यामुळे धक्क्याजवळ अखंड उभ्या असलेल्या हत्तीचे छायाचित्र असणे शक्य नाही. त्यासाठी प्रवाशांच्या रेखाटनांचा आणि वर्णनांचाच आधार घ्यावा लागतो. १८६४ मध्ये हत्तीचे अवशेष इंग्लंडला नेण्याचा प्रयत्न झाला, तो उचलण्याची यारी मोडल्याने फसला. नंतर तुकडे मुंबईतील राणीच्या बागेत आणून १९१४ मध्ये जोडण्यात आले. हा हत्ती आज भायखळ्याला डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. ‘घारापुरीचा हत्ती’ अशा मथळ्याचे छायाचित्र कोणी आपल्यापुढे ठेवले, तर मथळा एका अर्थी खरा असेल. परंतु त्यात दिसणारी झाडे आणि जमीन घारापुरीची नसून भायखळ्याची असतील.

(इ) छायाचित्र रचलेलेही असते. विल्यम जॉन्सन याने मुंबईतील विविध समाजांच्या छायाचित्रांचे दोन खंड १८६३ आणि १८६६ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांतील अनेक चित्रांत माणसे एका ठिकाणी टिपलेली आहेत आणि पार्श्वभूमी दुसऱ्या ठिकाणची जोडलेली आहे. ती माणसे त्या जागी कधी उभी राहिलीच असतील, असे म्हणता येत नाही.

या मुद्द्याचे अधिक जवळचे उदाहरण आपल्या खानदेशात आहे. चाळीसगावचे छायाचित्रकार केकी मूस (१९१२–१९८९) यांनी आयुष्याची अनेक दशके आपल्या बंगल्यातच व्यतीत केली. टेबलावर साध्या वस्तू मांडून, प्रकाशयोजना करून ते निसर्गदृश्ये उभी करीत आणि ती टिपत. पाहणाऱ्याला तो विस्तीर्ण प्रदेश वाटे. प्रत्यक्षात ते दृश्य हातभर जागेत मांडलेले असे. कलाकृती म्हणून या चित्रांचे मोल मोठे आहे. मात्र ती एखाद्या स्थळाचा पुरावा नव्हेत, आणि मूस यांनी ती तशी मांडलीही नव्हती. चित्र कोणत्या हेतूने घेतले, हा प्रश्न प्रथम विचारावा, तो यासाठी.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १
(१) घारापुरीच्या अखंड दगडी हत्तीचे त्याच्या मूळ जागेवरील छायाचित्र का असू शकत नाही?
(२) केकी मूस यांची टेबलावर रचलेली निसर्गदृश्ये स्थळाचा पुरावा का ठरत नाहीत?

४.२.५ चौकटीबाहेरची माणसे

घारापुरीच्या जुन्या चित्रांचा संग्रह पाहू लागलो की एक गोष्ट ध्यानात येते. त्रिमूर्ती वारंवार भेटते. खांब, द्वारपाल, धक्का, टेकडी हेही भेटतात. पर्यटकही भेटतात. बेटावर राहणारी माणसे मात्र क्वचित आढळतात. आढळलीच तर ती खांबाची उंची कळावी म्हणून त्याच्या शेजारी उभी केलेली असतात. त्यांची नावे बहुधा नोंदलेली नसतात. खांबाला क्रमांक असतो, माणसाला तोही नसतो.

या बेटावर भातशेती होत होती, मासेमारी होत होती, होड्यांची डागडुजी होत होती. १८७५ च्या मेजवानीसाठी खुर्च्या, मेजे, भांडी, दिवे हे सारे होड्यांतून आणून टेकडीवर चढवावे लागले असणार. ते कोणाच्या खांद्यावरून चढले, हे मेजवानीची चित्रे सांगत नाहीत. यात छायाचित्रकाराचा दुष्टावा होता असे मानण्याचे कारण नाही. तो लेणी पाहायला आला होता, म्हणून त्याने लेणी टिपली. परंतु अशीच चित्रे पिढ्यान्‌पिढ्या पाहिली गेली की बेट म्हणजे लेणी, आणि लेणी म्हणजे सहल, असे समीकरण दृढ होते. पाहणाऱ्यांच्या दृष्टीतून गाव गळून पडते.

या विस्मरणाचा संबंध प्रत्यक्ष जीवनाशी आहे. मुंबईसारख्या झगमगत्या महानगरासमोर असलेल्या, दरवर्षी लाखो पर्यटक ज्याला भेट देतात त्या या जागतिक वारसास्थळावरील गावात समुद्राखालून तार टाकून नियमित वीज पोहोचली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये. तोपर्यंत रहिवाशांना रोज काही तासांच्या जनित्राच्या विजेवर भागवावे लागे. वीज उशिरा येण्याची कारणे तांत्रिक आणि आर्थिक होती. ती छायाचित्रांमुळे उशिरा आली, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. तथापि ज्या बेटाची इतकी चित्रे जगभर गेली, त्या बेटावर संध्याकाळी अंधार असतो हे त्या चित्रांतून कोणालाच कळले नाही, एवढे निश्चित म्हणता येते. शेवटची होडी परतल्यानंतरचे घारापुरी पर्यटकांच्या छायाचित्रांत नाही.

म्हणून छायाचित्र वाचताना दोन प्रश्न जोडीने विचारावेत : चौकटीत काय आहे? आणि चौकटीबाहेर कोण राहिले? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर छायाचित्रात मिळत नाही. त्यासाठी गावातील वृद्धांच्या मुलाखती, ग्रामपंचायतीच्या नोंदी, महसुलाची कागदपत्रे आणि रहिवाशांच्या घरांतील कौटुंबिक छायाचित्रे यांच्याकडे जावे लागते.

४.२.६ काळ कसा ठरवावा?

अनेक जुन्या छायाचित्रांवर तारीख नसते. अशा वेळी चित्रातील वस्तूंच्या आधारे काळाची कमाल आणि किमान मर्यादा ठरवता येते. समजा, घारापुरीस निघालेल्या होडीचे अपोलो बंदरावरील एक छायाचित्र आपल्या हाती आले. त्यात ताजमहाल हॉटेल उभे दिसते, परंतु गेटवे ऑफ इंडियाची कमान ज्या जागी दिसायला हवी तेथे ती नाही. हॉटेल १९०३ मध्ये सुरू झाले आणि गेटवेचे उद्घाटन १९२४ मध्ये झाले. म्हणजे चित्र या दोन वर्षांच्या दरम्यानचे, असे सामान्यतः म्हणता येईल.

हीच रीत खानदेशात वापरून पाहू. १९०६ मध्ये खानदेश जिल्ह्याचे पूर्व खानदेश आणि पश्चिम खानदेश असे दोन भाग झाले. आजचा जळगाव जिल्हा पूर्वेकडील, तर आजचे धुळे आणि नंदुरबार हे जिल्हे पश्चिमेकडील भागात होते. चित्राच्या पाठीवर ‘पूर्व खानदेश’ असा छापील पत्ता किंवा शिक्का असेल, तर ते लिखाण १९०६ नंतरचे आहे. नंदुरबार जिल्हा १९९८ मध्ये धुळ्यापासून वेगळा झाला. त्यामुळे ‘जिल्हा धुळे’ असे लिहिलेले तोरणमाळचे छायाचित्र बहुधा त्यापूर्वीचे असेल. मात्र मजकूर चित्र घेतल्यानंतर अनेक वर्षांनीही लिहिलेला असू शकतो, आणि जुनी सवय लवकर जात नाही. म्हणून पाठीवरील मजकुराचा काळ आणि चित्राचा काळ वेगवेगळा नोंदवावा.

४.२.७ खानदेशातील वारसा आणि आपले कार्य

छायाचित्रणाच्या इतिहासात खानदेशाच्या सीमेवरील एक घटना महत्त्वाची आहे. मेजर रॉबर्ट गिल यांची १८४४ मध्ये अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी नेमणूक झाली. अनेक वर्षे खपून त्यांनी केलेल्या प्रतिकृतींपैकी बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत नष्ट झाल्या. दरम्यान गिल यांनी छायाचित्रणही आत्मसात केले होते आणि त्यांची लेण्यांची छायाचित्रे १८६४ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली होती. ग्रंथाच्या प्रती अनेक ठिकाणी पोहोचल्यामुळे ती टिकली. गिल यांचे १८७९ मध्ये निधन झाले. त्यांची कबर भुसावळ येथे आहे. एकाच जागी ठेवलेले साधन एका आगीत जाते, अनेक ठिकाणी प्रती असलेले साधन तरते, हा धडा त्यांच्या कार्यातून मिळतो.

धुळ्याचे नाव तर साधनसंग्रहाशी कायमचे जोडलेले आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी गावोगाव फिरून कागदपत्रे मिळवली. त्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये प्रसिद्ध झाला. १९२६ मध्ये धुळ्यातच त्यांचे निधन झाले आणि त्यांच्या नावाने तेथे संशोधन मंडळ उभे राहिले. जुन्या वाड्यांतील रुमालांत बांधलेल्या दप्तरांचे जे मोल राजवाड्यांनी ओळखले, तेच आज आपल्या घरातील पत्र्याच्या पेटीत पडलेल्या छायाचित्रांना आहे.

ही छायाचित्रे तीन शत्रूंच्या तावडीत असतात : वाळवी, ओल आणि विस्मरण. पहिल्या दोहोंवर उपाय करता येतो. तिसरा शत्रू अधिक घातक आहे. लग्नातील समूहचित्रात बसलेल्या वीस माणसांना ओळखणारी एकच आजी घरात उरलेली असते. ती गेली की छायाचित्र राहते आणि माणसे नाहीशी होतात. मग आपल्याच घरातील पूर्वज घारापुरीच्या खांबाशेजारी उभ्या असलेल्या त्या अनामिक माणसासारखे होतात. म्हणून हे काम निवृत्तीनंतरसाठी ठेवू नये. आपण नोकरी, शेती, संसार सांभाळून अभ्यास करीत आहात. तरीही सुटीच्या दिवशीचा एक तास यासाठी पुरतो. आजीजवळ चित्र घेऊन बसावे आणि तिच्याच बोलीत विचारावे, ‘हाऊ कोन शे?’ ती अहिराणीत जे सांगेल ते अहिराणीतच उतरून घ्यावे. प्रमाण मराठीत रूपांतर नंतर करता येते. मूळ शब्द गेले तर ते परत मिळत नाहीत.

नोंद करताना पुढील क्रम पाळावा :
१. चित्राचा आकार, स्थिती, पाठीवरील मजकूर व छायाचित्रगृहाचा शिक्का.
२. चित्रात प्रत्यक्ष दिसणाऱ्या गोष्टी, डावीकडून उजवीकडे.
३. माहिती देणाऱ्याचे नाव, वय, नाते आणि मुलाखतीची तारीख.
४. आपला निष्कर्ष, तो दृश्यावर आधारलेला आहे की सांगण्यावर, याचा स्पष्ट उल्लेख.
५. अनुत्तरित प्रश्न.

मूळ चित्राच्या पाठीवर शाईने लिहू नये. मऊ पेन्सिलीने हलकेच क्रमांक घालावा आणि माहिती वहीत लिहावी. चित्राची प्रत काढून ती किमान दोन वेगळ्या ठिकाणी ठेवावी. दुसऱ्यांच्या घरातील चित्र वापरायचे असल्यास त्यांची संमती अवश्य घ्यावी.

स्वयं-अध्ययन प्रश्न – २
(१) रॉबर्ट गिल यांच्या कार्यातून साधनांच्या जतनाबाबत कोणता बोध होतो?
(२) मुलाखत मूळ बोलीतच का नोंदवावी?

४.३ सारांश

छायाचित्र हे बदलापूर्वीची स्थिती दाखवणारे मोलाचे साधन आहे. तथापि ते कारणे सांगत नाही, वस्तूच्या मूळ स्थानाबाबत दिशाभूल करू शकते आणि कधी कधी रचलेलेही असते. घारापुरीच्या चित्रांत लेणी वारंवार दिसतात, परंतु बेटावरील रहिवासी क्वचित दिसतात. म्हणून अभ्यासकाने चौकटीतील दृश्याबरोबर चौकटीबाहेर राहिलेल्या माणसांचा शोध घेतला पाहिजे. चित्रातील खुणांवरून काळाची मर्यादा ठरवता येते. खानदेशातील घराघरांत असलेल्या छायाचित्रांची नावनिशीवार नोंद करणे हे तातडीचे कार्य असून ते सामान्य विद्यार्थीही करू शकतो.

४.४ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न – १ : (१) हत्तीचे डोके व मान १८१४ मध्ये कोसळली, छायाचित्रणाची पद्धती १८३९ मध्ये जाहीर झाली. (२) ती टेबलावर वस्तू मांडून कलात्मक हेतूने रचलेली आहेत.
प्रश्न – २ : (१) साधनाच्या प्रती अनेक ठिकाणी असाव्यात. (२) मूळ शब्द एकदा गेले की परत मिळवता येत नाहीत. प्रमाण भाषेतील रूपांतर मात्र केव्हाही करता येते.

४.५ स्वाध्याय

(१) ‘छायाचित्र भंग दाखवते, भंगाचे कारण दाखवत नाही.’ घारापुरीच्या आधारे या विधानाचे विवेचन करा.
(२) स्थळाच्या छायाचित्रांतून तेथील रहिवासी का वगळले जातात, याची तांत्रिक व सामाजिक कारणे लिहा.

४.६ क्षेत्रीय कार्य

आपल्या घरातील अथवा गावातील, किमान चाळीस वर्षांपूर्वीचे एक छायाचित्र निवडा. त्यातील व्यक्तींना ओळखणाऱ्या एका वृद्ध व्यक्तीची मुलाखत घेऊन ४.२.७ मधील क्रमानुसार ५०० शब्दांचे टिपण तयार करा. टिपणाचा शेवटचा परिच्छेद चित्रात नसलेल्या एखाद्या माणसाविषयी असावा : जो त्या दिवशी तेथे होता, पण चौकटीत आला नाही. टिपणाची एक प्रत अभ्यासकेंद्रात द्यावी आणि दुसरी, छायाचित्रासह, घरच्या पेटीत ठेवावी.